गडावरचा इंग्रजीचा तास

पन्हाळ्याच्या तीन दरवाजात रविवारी थोडा वेळ उभे राहिले, तर माध्यमिक शाळेतल्या इंग्रजीविषयी अहवालांत न सापडणारे बरेच काही कळते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या नववीतला एक मुलगा बाहेरगावच्या पाहुण्यांना गड दाखवत होता. सिद्दी जौहरचा वेढा, १६६० सालची आषाढी पौर्णिमेची रात्र, दोन पालख्या, शिवा काशीद, मसाईचे पठार, पुढे घोडखिंड. पोरगा असा रंगात आला होता की शेजारून जाणारेही थांबून ऐकू लागले. पाहुण्यांत एक परदेशी बाई होत्या. कोणीतरी त्यांना जुजबी भाषांतर करून सांगत होते. मध्येच त्यांनी मुलाकडे वळून सावकाश, सोप्या इंग्रजीत विचारले, की पालखीत बसलेल्या त्या माणसाला आपण मरणार हे ठाऊक होते का? मुलाला प्रश्न समजला. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसले. मग त्याने हात मागे बांधले आणि सुरू केले, 'पन्हाळा इज अ हिस्टॉरिकल फोर्ट. इट इज सिच्युएटेड इन कोल्हापूर डिस्ट्रिक्ट.' अशी पाच वाक्ये म्हणून तो थांबला. बाई 'थँक यू' म्हणाल्या.

ती पाच वाक्ये माझी होती. सहामाहीच्या आधी निबंध म्हणून मीच ती फळ्यावर लिहून दिली होती.

पन्हाळा तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी पंचवीसेक वर्षे इंग्रजी शिकवतो आहे. त्या बाईंनी विचारला तो प्रश्न साहित्याचा होता. माहितीच्या पलीकडे जाऊन एखाद्या माणसाच्या मनात शिरू पाहणारा. मुलाजवळ त्याचे उत्तर होते, मराठीत तो त्यावर अर्धा तास बोलला असता. इंग्रजीत मात्र त्याच्याजवळ उत्तराऐवजी पाठ केलेले काहीतरी होते. इंग्रजी म्हणजे जे म्हणायचे आहे ते म्हणण्याची भाषा, हे नऊ वर्षांत त्याला कोणी दाखवलेच नव्हते. इंग्रजीचा तास रंजक कसा करावा, यावर आपल्याकडे प्रशिक्षणे खूप झाली. तास कशाभोवती रचावा, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. या लेखात तो प्रश्न आपल्या इंग्रजी अध्यापनाच्या जुन्या-नव्या पद्धतींना लावून पाहायचा आहे.

आधी पाठटाचणाबद्दल, कारण आपल्याकडे पाठाचे नियोजन म्हणजे पाठटाचण. बी.एड.ला आम्ही हर्बार्टची पंचपदी घोकली. प्रस्तावना, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. मग ज्ञानरचनावाद आला, रकान्यांची नावे बदलली. आता 'अध्ययन निष्पत्ती' हा रकाना आहे. माझी जुनी टाचणे काढून मी एकदा एक खेळ केला. एका कवितेचे टाचण दुसऱ्या कवितेला लावून पाहिले. कवितेचे नाव सोडले तर एकही शब्द बदलावा लागला नाही. 'विद्यार्थी कवितेचा आस्वाद घेतो', 'विद्यार्थी नवीन शब्दांचे अर्थ सांगतो', 'शिक्षक योग्य आरोहावरोहासह प्रकट वाचन करतात'. टाचणात शिक्षक काय करणार आणि तपासणाऱ्याला काय दिसणार हे होते. या कवितेत अडखळायला कुठे होते, मुले कुठे फसतील, कुठे हसतील, याची त्यात एक ओळही नव्हती. कोणत्याही पाठाला चालणारे टाचण कोणत्याच पाठाचे नसते.

त्यावर उपाय म्हणून गेल्या काही वर्षांत 'आनंददायी' तासाची टूम निघाली. शब्दकोडी, चित्रकार्डे, गट पाडून खेळ, प्रोजेक्टरवर चित्रफीत. मीही केले. मुले खूश, तास संपल्याची घंटा कळत नाही. पण तासानंतर पाठ उघडून पहिला परिच्छेद वाच म्हटले की पुन्हा तीच शांतता. खेळ पाठाच्या शेजारी झालेला असतो, पाठात झालेला नसतो. जेवणाआधी वाजंत्री छान वाजली, पण ताट काही आलेच नाही, असा हा प्रकार.

आणि तरी, जुने सगळे टाकाऊ होते असे म्हणता येत नाही. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला' एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून किती पिढ्यांच्या हातांतून गेली याची गणती नाही. तिची थट्टाही पुष्कळ झाली आहे. कोणी कोणाला कधी म्हणणार नाही अशी वाक्ये, हा तिच्यावरचा आक्षेप खराच आहे. पण एका गोष्टीचे श्रेय तिला द्यायला हवे. मुलाला मराठी येते हे तर्खडकरांनी भांडवल मानले. मराठी वाक्याची रचना एका हातात आणि इंग्रजी वाक्याची दुसऱ्या हातात धरून दोन्हींतला फरक त्यांनी मुलाला चाचपायला लावला. पुढे 'इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचे नाही' असा दंडक आला, तेव्हा हे भांडवल आपण दाराबाहेर ठेवले. आज वर्गात चालते ते तर्खडकरी भाषांतरही नव्हे. शिक्षक एक इंग्रजी वाक्य वाचतो, लगेच त्याचे मराठी सांगतो, मुले ते पेन्सिलीने ओळींच्या वर लिहितात. तर्खडकरांच्या वहीत भाषांतर मुलाला करावे लागे. आमच्या वर्गात ते आयते मिळते.

इंग्रजी साहित्य हा शिकवण्याचा विषय इंग्लंडात रुळण्याआधी वसाहतीच्या राज्यकारभारासाठी हिंदुस्थानात घडवला गेला, असे गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' या ग्रंथात साधार मांडले आहे. राज्यकर्त्यांना त्या साहित्यातून आज्ञाधारक, सुसंस्कृत प्रजा हवी होती. पण वर्गात पेरलेले तसेच उगवत नाही. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले ते १८८३ मध्ये, देवलांचा 'झुंझारराव' 'ऑथेल्लो'वरून आला तो १८९० मध्ये. मला या दोन नावांत अध्यापनशास्त्राचा एक पुरावा दिसतो, आणि तो आपण फारसा वापरलेला नाही. त्या पिढीने इंग्रजीत जे वाचले ते पचले याची खूण तिच्या अस्खलित इंग्रजीत शोधण्यापेक्षा मराठी रंगभूमीवर आणि निबंधांत शोधावी. वाचलेले स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या माणसांत आणावेसे वाटणे, याहून वेगळी 'अध्ययन निष्पत्ती' काय असते? अर्थात ती मूठभरांची पिढी होती, आणि त्या मुठीत कोण होते हेही आपल्याला माहीत आहे. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजीला आई म्हटले, ते ज्यांना त्या मुठीत जागा नव्हती त्यांच्या वतीने. माझ्या वर्गातल्या मुलांचे आईबाप त्याच आशेने इंग्रजीकडे पाहतात. शक्य झाले तर ते मुलाला कोल्हापूरला इंग्रजी माध्यमात घालतात. उरतात ती माझ्याकडे येतात.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात सरकारने इंग्रजी आठवीपासून ठेवली, महाराष्ट्र झाल्यावर ती पाचवीवर आली, आणि २००० सालच्या जूनपासून पहिलीपासून सुरू झाली. वर्षे वाढत गेली. आठवीपासून शिकलेल्या माझ्या वडिलांच्या पिढीतले कारकून बऱ्यापैकी इंग्रजी अर्ज लिहीत, आणि पहिलीपासून शिकलेला माझा नववीतला मुलगा पाच वाक्यांवर थांबतो. वडिलांच्या वेळी शाळेत पोचणारेच थोडे होते, म्हणून ही तुलना न्याय्य नाही, हे मान्य. पण नुसती वर्षे वाढवून प्रश्न सुटला नाही एवढे तरी त्यातून दिसते.

आपल्याच देशात या प्रश्नाला भिडलेला एक प्रयोग आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ पासून पाच वर्षे दक्षिण भारतातल्या साध्या सरकारी आणि अनुदानित शाळांत तो केला. 'बंगलोर प्रकल्प' म्हणून तो जगभर अभ्यासला जातो. व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून प्रभूंनी मुलांना कामे दिली. रेल्वेच्या वेळापत्रकावरून गाडी ठरवा, नकाशावरून रस्ता सांगा. त्यांचे म्हणणे असे, की भाषेकडे लक्ष नसताना, अर्थाशी झटापट चालू असताना भाषा अंगी लागते. त्यासाठी कामात एक दरी हवी. एकाजवळ माहिती आहे आणि दुसऱ्याजवळ नाही, किंवा दिलेल्या माहितीतून काहीतरी तर्काने काढायचे आहे, किंवा प्रत्येकाचे मत वेगळे असू शकते. प्रभूंचे १९८७ चे पुस्तक मी उशिरा वाचले आणि माझ्या फळ्यावरच्या निबंधाचे दुखणे मला कळले. पन्हाळ्याच्या मुलाला पन्हाळ्याची माहिती पन्हाळ्याच्याच मास्तरने सांगायची आणि त्याने ती मास्तरलाच परत लिहून दाखवायची, यात दरी कुठेच नव्हती. कोणालाही काही कळायचे बाकी नव्हते.

प्रभूंच्या प्रयोगात मला एक उणीव वाटते. वेळापत्रकातून गाडी सापडते, माणूस सापडत नाही. त्या कामांत साहित्याला फारशी जागा नाही, आणि त्यामुळे तीन दरवाजातला तो प्रश्न तिथेही अनुत्तरितच राहिला असता. भाषेचा तास आणि साहित्याचा तास वेगळे काढले की भाषा कोरडी होते आणि साहित्याचा सारांश होतो. दोन्ही एकाच तासात बसवायचे, तर पाठ्याला माहीत आहे पण मुलांना नाही, आणि मुलांना माहीत आहे पण पाठ्याला नाही, अशा दोन्ही बाजूंच्या दऱ्या हव्यात. पन्हाळ्यावर त्या शोधायला लांब जावे लागत नाही.

पहिला प्रयत्न मी १८८६ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरवर केला. कोल्हापूरच्या खंडात पन्हाळ्याचे सविस्तर वर्णन आहे. त्यातला अंबरखान्याचा भाग मुलांच्या हातात दिला, नकाशा दिला आणि आजचा गड व पुस्तकातला गड यांतला फरक शोधायला सांगितले. चार दरवाजा आज का नाही, याचा शोध १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडापर्यंत गेला. बंडानंतर इंग्रजांनी तो पाडला होता. पाठ ठीक झाला. पण तो माहितीचाच राहिला.

खरा तास सापडला तो रेव्हिंग्टनमुळे. जौहरच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आपल्या माणसांसह दारूगोळा घेऊन आदिलशाही फौजेच्या मदतीला आला होता. इंग्रजांचे निशाण लावून त्यांनी पन्हाळ्यावर गोळे टाकले. (इंग्रजी पन्हाळ्यावर आली ती अशी तोफेतून आली, असे मी वर्गात म्हणतो. मुलांना ते फार आवडते.) पुढच्या वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरवर छापा घातला आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केले. त्यांतले शेवटचे सुटायला १६६३ उजाडले. मधल्या काळात कैद्यांनी सुरतेच्या वरिष्ठांकडे तक्रारी केल्या, आणि सुरतेने त्यांना जे उत्तर लिहिले ते वाचण्यासारखे आहे. तुम्ही कंपनीचा माल राखताना पकडले गेला नाहीत, ओळखू येणारे निशाण घेऊन वेढ्यात सामील झालात म्हणून पकडले गेलात, असा त्याचा रोख आहे. हा सगळा पत्रव्यवहार १९३१ साली पुण्यातून निघालेल्या 'इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी'त छापलेला आहे.

सतराव्या शतकातले इंग्रजी जसेच्या तसे नववीला देता येत नाही. मी पत्राची दहा-बारा सोपी वाक्ये केली, पण सूर सांभाळला. सोपे करताना सूर घालवणे ही पाठ्यपुस्तकांची जुनी खोड आहे. मजकुरातला राग, उपहास, लाचारी आधी काढून टाकायची आणि मग मुलांना 'आस्वाद' घ्यायला सांगायचे. फळ्यावर एकच प्रश्न लिहिला, कोण कोणावर रागावले आहे? भाषांतर सांगितले नाही. गटात एक वही, मराठीत बोलायला मुभा, पण उत्तराला पुरावा म्हणून पत्रातल्या शब्दावर बोट ठेवायचे.

वेढा मुलांना पाठ होता, म्हणजे पत्रातले निम्मे त्यांना आधीच माहीत होते. माहीत नव्हते ते एवढेच, की शत्रूच्या गोटातल्या या माणसाला त्याच्याच मालकांनी वाऱ्यावर सोडले. ते कळले तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, 'सर, ह्यांच्या सायबानं हात वर केलं की!' वर्ग हसला. मग एका मुलीने विचारले, की पत्र पाठवताना साहेबाला भीती कशाची होती? कंपनीला राजांशी पुन्हा व्यापार करायचा असणार, असे दुसऱ्या गटातून उत्तर आले. त्या क्षणी ती मुले पत्राच्या ओळींखालचे वाचत होती. पदवीच्या वर्गातसुद्धा हे रोज घडते असे नाही.

दुसऱ्या दिवशी व्याकरण आले, आणि ते न बोलावता आले. मुलांना म्हणायचे होते, 'रेव्हिंग्टननं जायला नको होतं.' इंग्रजीत कसे म्हणायचे? 'शुड नॉट गो' म्हटले तर तो अजून निघायचा आहे असे होते. हा फरक मुलांनीच मराठीवरून ताडला, 'जाऊ नये' वेगळे आणि 'जायला नको होतं' वेगळे. मग 'शुड नॉट हॅव गॉन' फळ्यावर आले. हीच रचना मी दरवर्षी तक्त्यातून शिकवत आलो होतो आणि दरवर्षी मुले विसरत आली होती. तर्खडकर असते तर खूश झाले असते. मराठी वाक्याने इंग्रजी वाक्याची गरज निर्माण केली होती.

तिसऱ्या दिवशी कैद्याचे उलट उत्तर लिहायचे होते. दहा-बारा मुलांनी फक्त 'डिअर सर' लिहून वही मिटली, हे लपवण्यात अर्थ नाही. काहींनी शेजारच्याचे उतरवले. पण शिवा काशीदांच्या नेबापूरकडून येणाऱ्या एका मुलाचे वाक्य मला अजून आठवते. 'यू आर सिटिंग सुरत, वी आर सिटिंग जेल.' लाल पेन हातात होते. दोन शब्दयोगी शब्द गळले आहेत. पण या वाक्याला तोल आहे, त्यात विरोध आहे, माणसाची चीड आहे. साहित्याच्या तासाला याहून काय हवे? मी आधी ते मोठ्याने वाचले. गळालेले दोन शब्द कुठे बसतील हे वर्गाला विचारले, ते नंतर. हा क्रम उलटा केला असता तर त्या मुलाने पुढचे वाक्य लिहिले नसते, अशी माझी खात्री आहे.

इथे कोणी म्हणेल, की हा इतिहासाचा तास झाला, साहित्याचा कुठे? पाठ्यपुस्तकातल्या गोष्टीचे काय? म्हणून 'हिज फर्स्ट फ्लाइट'कडे येतो. दहावीच्या 'माय इंग्लिश कोर्सबुक'मधली ही लियाम ओफ्लाहर्टीची कथा. समुद्रपक्ष्याचे एक पिल्लू कड्यावर एकटे उरले आहे. भावंडे उडाली, ते भितीने उडत नाही. उपाशी आहे. आई चोचीत मासा घेऊन जवळ येते, पण देत नाही. ते माशावर झेपावते, खाली कोसळते आणि उडू लागते. गाईडात कथेचे तात्पर्य असते आत्मविश्वास. मुले तेच लिहितात, गुण मिळतात. गोष्ट तिथेच मरते.

यात एक शब्द आहे, 'लेज'. त्याचे मराठी गाईडात 'कडा' असे असते आणि मीही वर्षानुवर्षे तेच सांगत आलो. गडावरच्या मुलांना कडा काय असतो हे मास्तरने सांगायला नको. एका मुलीने शंका काढली, 'सर, कड्यावर ते झोपंल कसं?' कडा म्हणजे धार, जिथून माणूस खाली जातो. पिल्लू तर तिथे येरझाऱ्या घालते, एका पायावर उभे राहते, झोपेचे सोंग करते. मग तो कडा नव्हे. कपार? कपार आत असते. बरीच चर्चा झाली आणि शेवटी कोणीतरी म्हणाले, 'सज्जा, सज्जा कोठीतला सज्जा.' खडकातून बाहेर आलेली, उभे राहता येईल अशी जागा. शब्द बदलताच कथा बदलली. कड्यावर उभे असलेले पिल्लू भित्रे वाटते. सज्जावर बसलेले पिल्लू सुरक्षित आहे, त्याला तिथे बरे आहे, आणि म्हणूनच त्याचे सुटणे कठीण आहे. त्याला उडवायला भीती घालवणे पुरत नाही, भूक लागते. यावर दोन मुलींचे भांडण लागले. आई क्रूर आहे, एकीचे म्हणणे. दुसरी म्हणाली, तिच्या थोरल्या बहिणीला नर्सिंगला पाठवताना तिच्या आईनेही असेच केले. हे सगळे अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी. तात्पर्य आम्ही लिहिले नाही.

ओफ्लाहर्टी आयर्लंडच्या पश्चिमेकडल्या ॲरन बेटांवर जन्मला, १८९६ मध्ये. त्या बेटांवर कडे आहेत, समुद्रपक्षी आहेत, आणि गावाची भाषा आयरिश होती. इंग्रजी त्याच्याही गावाची नव्हती. त्याने दोन्हींत लिहिले. हे पाठ्यपुस्तकातल्या लेखकपरिचयाच्या चौकटीत मावत नाही, पण मुलांना सांगितले तर त्यांचे डोळे बदलतात.

मोरोपंतांचाही मी असाच उपयोग करून घेतला आहे, अगदी भाषेच्या खेळासाठी. पंत पन्हाळ्याचे, १७२९ चा जन्म. ओठांना ओठ न लावता म्हणता येईल असे 'निरोष्ठ रामायण' त्यांनी रचले. आठवीला मी इंग्रजी वाक्ये निरोष्ठ करायला दिली. उ-ऊचा कडक नियम सोडून दिला, फक्त ओठ मिटायचे नाहीत एवढेच. 'मदर' गेले, 'फादर'वर वाद झाला, कारण 'फ' म्हणताना ओठ मिटतात की वरचे दात खालच्या ओठाला लागतात, हे आरशात पाहिल्याशिवाय ठरेना. तिथेच मराठी 'फ' आणि इंग्रजी 'एफ'चा फरक मुलांना कळला. 'व्ही' आणि 'डब्ल्यू'साठी आपल्याकडे एकच 'व' आहे, हेही. 'आई' म्हणता येते आणि 'मदर' म्हणता येत नाही, हा शोध एका मुलाचा. पन्हाळा तर निरोष्ठ नाहीच. उच्चारांचे इतके चांगले दोन तास माझे कधी झाले नव्हते, आणि खर्च एका आरशाचा.

परीक्षेचे काय, हा प्रश्न उरतोच. बोलण्याला आपली व्यवस्था कशी वागवते याचे एक उदाहरण पुरे. २०१९ च्या दहावीला भाषांचे २० अंतर्गत गुण काढून टाकले. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर घसरला. ओरड झाली आणि पुढच्या वर्षापासून गुण परत आले. गुण काढताना आणि परत देताना चर्चा झाली ती टक्क्यांची. त्या वीस गुणांसाठी मूल खरोखर बोलते का, आणि कशाबद्दल बोलते, हा विषय दोन्ही वेळा निघाला नाही. कृतिपत्रिकेबद्दल मी इतका कडवट नाही. तिच्यात स्वतःचे मत लिहायचे प्रश्न असतात, दृष्टिकोन मांडायचा असतो. पण गाईडांनी त्या मतांचेही नमुने छापले, आणि मुले आता मतेसुद्धा पाठ करतात.

माझ्या पद्धतीला अडचणी आहेत. पन्नास मिनिटांचा तास हजेरी, सूचना, वह्या यांत पस्तीसवर येतो. रेव्हिंग्टनला तीन तास गेले, म्हणजे अभ्यासक्रमातला एक पाठ शेवटच्या आठवड्यात पळवावा लागला. शिवाय नववीत येऊनही इंग्रजी ओळ सलग वाचता न येणारी मुले वर्गात आहेत. ती त्या चर्चेत मराठीतून सामील झाली, पण कागदावर मागेच राहिली. त्यांच्यासाठी काय करावे याचे चोख उत्तर माझ्याकडे नाही. सध्या मी त्यांना पत्राची वाक्ये कापून देतो, क्रम लावायला. आणि तिसरी अडचण बोलायला जड जाते, ती म्हणजे शिक्षकाचे स्वतःचे इंग्रजी. आयते भाषांतर सांगणे सुरक्षित असते. मुले पाठ्यात घुसली की असे प्रश्न येतात की शब्दकोश काढावा लागतो, आणि वर्गासमोर शब्दकोश काढायला मास्तराला धैर्य लागते. मला ते चाळिशीनंतर आले.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत पन्हाळा आहे. गडावर लोक राहतात, नगरपरिषद आहे, त्यामुळे वारसा म्हटल्यावर इथल्या घरांचे काय होणार ही काळजीही आहे. बाहेरचे पाहुणे वाढतील आणि ते प्रश्न विचारतील. काही पोरे त्यातून चार पैसे मिळवतील, त्यासाठी त्यांना पाच वाक्यांपेक्षा जास्त लागेल. गावाची काळजी कोणाला सांगायची झाली तर तीही केवळ मराठीत सांगून भागणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दहावीला पुन्हा 'हिज फर्स्ट फ्लाइट' घ्यायची आहे. या वेळी वर्ग सज्जा कोठीत न्यावा, तिथे उभे राहून पहिला परिच्छेद वाचावा, असे मनात आहे. मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांच्या सह्या आणि पाचवा तास सहाव्याला जोडून मिळणे, एवढे जमायचे बाकी आहे. टाचणात अजून फक्त एक प्रश्न लिहिला आहे, आईने मासा का दिला नाही? पुढचा रकाना मोकळाच आहे.